वज्रश्वानाचे पूर्वज

नोटीस घेऊन शिपाई आला तेव्हा ती ज्याच्याबद्दल होती तो ठोंब्या दारात आडवा पसरला होता. शिपायाने एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे टाकला, मधल्या डोंगराकडे न बघता कागद आत दिला आणि तसाच उलटा परत गेला. ठोंब्याने एक डोळा उघडला, शिपायाच्या विजारीत दखल घेण्यासारखं काही नाही असं ठरवलं आणि डोळा मिटला.

पेंटरने कागद उजेडाकडे धरला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्याच्या हातात कुठलंही लिखाण आलं की तो आधी अक्षरं बघायचा, अर्थाकडे सवडीने वळायचा.

"दोन ओळींत अंतर बरं ठेवलंय," तो म्हणाला.

"अहो, अंतर राहू द्या," बायको म्हणाली. "काय लिहिलंय ते वाचा."

त्याने वाचलं. मग बसायला काही आहे का ते न बघताच खाली बसला, आणि नशिबाने खाली रंगाचा डबा होता.

झालं होतं ते असं. शहरात कुठल्याशा कुत्र्याने कुठल्याशा मोठ्या माणसाच्या पोटरीचा घास घेतला होता. पोटरी लहान माणसाची असती तर हळद लावून भागलं असतं. मोठ्या माणसाची असल्यामुळे नियम झाला. युद्धासाठी, झुंजीसाठी किंवा सिंह-अस्वलांच्या शिकारीसाठी तयार केलेल्या वंशाचं कुत्रं यापुढे शहराच्या हद्दीत राहणार नाही. मालकाने ते हद्दीबाहेर न्यावं, नाहीतर सरकारी कोंडवाड्यात जमा करावं. कोंडवाड्यातून कुत्रं परत कधी येतं हे नियमात लिहिलं नव्हतं, कारण ते येत नव्हतं. राखणीची कुत्री आणि मिश्र जातीची कुत्री यांना मात्र मोकळीक होती. ठोंब्या पहिल्या प्रकारात मोडतो असं कार्यालयाचं प्राथमिक मत झालं होतं. हरकत असल्यास गुरुवारी कुत्र्यासह हजर राहावं.

आणि खाली, मताला आधार म्हणून, एका पुस्तिकेचं नाव होतं: 'वज्रश्वान: उगम आणि पराक्रम'. लेखक म्हणून ज्याचं नाव होतं तो या वेळी रंगाच्या डब्यावर बसला होता.

बायकोने फळीवरून ती पुस्तिका काढली. इतक्या वर्षांत तिने ती उघडली नव्हती. गरम भांड्याखाली ठेवायला बरी पडते एवढंच तिचं मत होतं. आता तिने उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं:

"'वज्रश्वानाच्या पूर्वजांनी सम्राटांच्या रथापुढे धावून शत्रूच्या घोडदळाच्या फळ्या फोडल्या. भुकेल्या सिंहावर एकटा सोडलेला वज्रश्वान सिंहाचा प्राण घेतल्याखेरीज जबडा उघडत नसे. मनुष्यरक्ताची चव त्याला...'" ती थांबली. "मनुष्यरक्ताची चव? अहो, हा दूध कोमट नसेल तर पीत नाही."

"मागच्या पानावर जागा उरली होती," पेंटर म्हणाला.

हे खरं होतं, आणि ते समजायला पाटीचा धंदा समजायला हवा. गिऱ्हाईक पूर्ण पाटीचे पैसे देतं. पाटीवर वीतभर जागा कोरी दिसली की त्याला वाटतं, आपल्याला फसवलं. म्हणून पेंटर पाटीवर कोरं काही ठेवत नसे. शिंप्याच्या नावाखाली कात्री, गवळ्याच्या नावाखाली गाय, आणि गाईच्या पोटाखाली जागा उरली तर वासरू. एका हकिमाच्या पाटीवर तर त्याने न विचारता 'खात्रीशीर' असं घातलं होतं, आणि हकीम बिचारा तेव्हापासून दडपणाखाली होता.

अशी कुत्री पाळणाऱ्यांचं मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष दाताचे डॉक्टर झाले आणि चिटणीस पेंटर झाला. अक्षर चांगलं म्हणजे लिहिता येत असणार, असा डॉक्टरांचा हिशेब. पहिल्या प्रदर्शनाचं पत्रक काढायचं ठरलं. वजन, उंची, कान, शेपूट एवढं लिहून झालं तरी अर्धं पान कोरं राहिलं. पेंटरचा हात शिवशिवला. त्याने तिथे एक सिंह घातला. पुढच्या वर्षी पानं वाढली, तसे रथ आले. मग सम्राट आला, सम्राटामागून घोडदळ आलं, आणि शेवटी मातीच्या विटांवर कोरलेले पुरावेही आले. 'वज्रश्वान' हे नावही त्याचंच. त्याला 'ज्र' काढायला आवडायचं. हे सगळं कोणी वाचत नसे. सभासद आपल्या कुत्र्याचा फोटो छापलाय का तेवढं बघून पुस्तिका मिटत. आणि कोणी वाचत नाही याची खात्री असली की माणूस फार मोकळेपणाने लिहितो.

खरा उगम घरातलाच होता. पेंटरचे सासरे लाकडाच्या वखारीवर राखणीला होते. डोंगरातून मेंढ्या घेऊन उतरलेल्या लोकांनी एक लंगडी, केसाळ, थोराड कुत्री वखारीपाशी मागे सोडली. कळपाबरोबर तिला चालवत नव्हतं. पुढे एक सर्कस गावात येऊन बुडाली, तिचा एक भल्या डोक्याचा कुत्रा ओंडक्यांच्या आड राहायला आला. पुढचं निसर्गाने पाहिलं. सासऱ्यांनी पिल्लांतली शांत आणि मोठी तेवढी ठेवली, चावरी वाटली त्यांची वीण पुढे चालू दिली नाही, आणि असं करत करत जे उरलं त्याला ते 'आपली कुत्री' म्हणत. यात सिंह कुठेच नव्हता. सर्कशीतला सिंह होता, पण सर्कस बुडण्याआधीच तो विकला होता.

आता प्रश्न हद्दीबाहेर नेण्याचा. ठोंब्याचं वय झालं होतं, मागचे पाय गेल्यात जमा होते, आणि वजन पेंटरपेक्षा जास्त. हद्दीबाहेर पेंटरची बहीण राहायची, पण तिच्या घरात रांगती नात होती. शिवाय मागे एकदा एका लग्नासाठी दोघं नवराबायको त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून गेली होती, तर पठ्ठ्याने परत येईपर्यंत तोंडात पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. शेजाऱ्यांनी मटण पुढे ठेवलं, तो भिंतीकडे तोंड करून बसला. हद्दीबाहेर काय आणि कोंडवाडा काय, फक्त मरायला लागणाऱ्या वेळेत फरक.

बायको ठोंब्याला पहिल्या दिवसापासून शिव्या घालायची. मेल्या, मुडद्या, दारातला धोंडा, बापाने आंदण दिलेली पीडा; एकेक शिवी तिने प्रेमाने घासूनपुसून ठेवली होती. नोटीस आल्यावर तिने शिव्या बंद केल्या. त्याला ओलांडून जाताना ती काही न बोलता पदर सावरून जाऊ लागली, तेव्हा पेंटर खरा घाबरला.

औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना रेघ वाकडी गेली, पुसली, पुन्हा वाकडी गेली. रंगवताना हात टेकायच्या काठीवर मनगट ठेवूनही ब्रश स्थिर राहीना. दुकानदार म्हणाला, "पेंटर, आमच्या इथलंच काही घ्या की." पेंटर ब्रश धुऊन सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला.

खुर्चीत एक रोगी तोंड उघडून पडला होता. डॉक्टर त्याच्या तोंडात वाकलेले होते.

"डॉक्टर, मंडळाने लिहून द्यायला पाहिजे की तो इतिहास खोटा आहे."

"कुठला इतिहास?"

"मी लिहिलेला."

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. "पेंटर, शुद्धीवर आहेस ना? जागतिक महासंघाकडे आपला अर्ज आहे. 'प्राचीन वंश' म्हणून मान्यता याच महिन्यात येतेय. उभा जन्म गेला त्यात माझा. आता तू म्हणतोस, सिंह काढा?"

"सिंह काढा, रथ काढा. सम्राट पण."

"मग उरतं काय? वजन आणि कान."

"आणि ठोंब्या उरतो."

खुर्चीतला रोगी काहीतरी म्हणाला, पण त्याच्या तोंडात कापूस असल्यामुळे तो कोणाच्या बाजूने आहे ते कळलं नाही.

"माझी राणी मी भावाच्या मळ्यावर पाठवली," डॉक्टर म्हणाले. "थोडी तोशीस सगळ्यांनीच सोसायची."

"तुमची राणी तीन वर्षांची आहे. तिला उडी मारून गाडीत बसता येतं."

"गुरुवारी मलाही बोलावलंय. अध्यक्ष म्हणून. मी तिथे शपथेवर खोटं बोलू?"

"खोटं नको हो. खरं बोला. तेवढंच मागतोय."

डॉक्टरांनी पुन्हा रोग्याच्या तोंडात डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाले, "आ करा. आणखी." पेंटरनेही आ केला. मग त्याच्या लक्षात आलं की हे त्याला उद्देशून नाही.

गुरुवारी पाट्या न्यायच्या हातगाडीवर घोंगडी अंथरून त्यावर ठोंब्याला चढवलं. चढवायला शेजारचे दोघे लागले. रस्त्याने लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि ठोंब्या ती आपल्या मोठेपणाला मिळतेय अशा समजुतीने दोन्हीकडे बघत होता. बायको एक हात त्याच्या पाठीवर ठेवून गाडीबरोबर चालत होती. पेंटर ओढत होता. कोंडवाडा कार्यालयाच्या मागच्याच आवारात होता. तिथून एक कुत्रं न थांबता भुंकत होतं, आणि ते दाराशी पोचले तेव्हा थांबलं.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, चार खुर्च्या आणि टेबलामागे अधिकारी बाई. किरकोळ बांध्याच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्यापुढे ती पुस्तिका होती आणि तिच्यातून कागदाच्या बारीक चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"मी ही तीनदा वाचली," बाई म्हणाल्या.

आता सांगायला लाज वाटते, पण पेंटरला क्षणभर बरं वाटलं. इतक्या वर्षांतला पहिला वाचक. मग तो वाचक कुठल्या कामासाठी बसलाय ते आठवून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, ते सगळं मी रचलेलं आहे."

"रचलेलं वाटत नाही. फार ठामपणे लिहिलंय."

"पाटीची सवय आहे मॅडम. पाटीवर 'बहुधा' लिहीत नाहीत."

"हा सिंह?"

"चार बोटं जागा होती."

"घोडदळ?"

"त्या वर्षी पानं वाढली."

बाईंनी चष्मा वर सारला. "बघा, अडचण अशी आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही हे खरं म्हणून वाटत होता. आता कुत्रं जाण्याची वेळ आली, तर खोटं म्हणता. माझ्यासमोर रोज लोक येतात. परवा एक जण आपल्या शिकारी कुत्र्याला मेंढी म्हणत होता."

"याच्याकडे बघा तरी," पेंटर म्हणाला. घोंगडीसकट आत ओढून आणलेला ठोंब्या तिच्यावरून घसरून फरशीवर पसरला होता आणि बाईंच्या टेबलाचा पाय त्याच्या श्वासाने हलत होता. "हा कोणाला चावणार?"

"नियम वंशाबद्दल आहे. स्वभावाबद्दल असता तर अर्धं शहर हद्दीबाहेर काढावं लागलं असतं. वंश सांगा."

तेव्हा पेंटरने सांगितलं. वखार सांगितली, लंगडी कुत्री सांगितली, सर्कस सांगितली. आणि मग, पुस्तिकेत कधीच न लिहिलेलं असं बोलला, "त्याच्या मागचं कोणाला ठाऊक नाही मॅडम. डोंगरात मेंढ्या असणार, लांडगे असणार. लांडगा बघून जो पळाला त्याची पिल्लं धनगरांनी ठेवली नाहीत. ज्याने मेंढी खाल्ली त्याचीही नाहीत. माणसावर धावला, तो तर गेलाच. असं हजारो वर्षं काढून टाकत टाकत जे राहिलं ते हे. रात्रभर जागायचं, मोठं दिसायचं आणि उगाच कोणाला काही करायचं नाही, एवढंच याच्या रक्तात. राजांनी कोरून ठेवलं ते दुसरंच कुत्रं. धनगर काही कोरत बसत नाहीत. म्हणून याचा इतिहास नाही, आणि म्हणून मी तो घातला."

"हे पुस्तिकेपेक्षा चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण हेही तुम्हीच सांगताय. रचण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही, हे तुम्हीच आत्ता कबूल केलंत. मी कशावर विश्वास ठेवू?"

आयुष्यात पहिल्यांदा पेंटरला वाटलं, कोणाला खरं वाटणार नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या वडिलांची कुत्री होती ती," बायको म्हणाली. "मी त्यांच्यात वाढले."

"तुम्ही यांच्या पत्नी. तुमचाही जीव त्याच्यात असणार."

"माझा? या मेल्यात?" असं ती म्हणाली खरी, पण वाक्याच्या शेवटी आवाज फुटला, आणि साक्ष तिथेच निकालात निघाली.

"ज्याला यात फायदा नाही असा कोणी सांगणारा असेल तर वेगळी गोष्ट," बाई म्हणाल्या आणि दाराकडे बघून मान हलवली. डॉक्टर आत आले. कडक कोट, छातीवर मंडळाचा बिल्ला. त्यावर सिंहाच्या नरडीला धरलेला वज्रश्वान होता, चित्र पेंटरचंच.

डॉक्टर पेंटरकडे न बघता बसले. बाईंनी विचारलं, पुस्तिकेतला मजकूर मंडळाला मान्य आहे का. डॉक्टरांनी घसा साफ केला. वज्रश्वान हा जगातल्या प्राचीनतम वंशांपैकी एक असून त्याचा पराक्रम, वगैरे. पुस्तिकेचं पहिलं पान ते पाठ म्हणत होते. पेंटर आपलीच वाक्यं एकेक करून अंगावर येताना ऐकत होता. दुसऱ्याच्या तोंडून ती फारच खरी वाटत होती. रथांपर्यंत आल्यावर त्याने डोळे मिटले.

"म्हणजे युद्धासाठीच," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

"भावजी," बायको म्हणाली.

ती डॉक्टरांना नेहमी भावजीच म्हणायची. डॉक्टर पाठ म्हणता म्हणता थांबले.

"भावजी, बाबांनी पहिलं पिल्लू तुम्हाला दिलं. पोत्यातून काढून. मी चहा घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत, वंश कुठला. बाबा काय म्हणाले होते?"

"वहिनी, ही जागा नाही."

"दुसरी कुठली आहे? मागचं आवार?"

मागच्या आवारातलं कुत्रं पुन्हा सुरू झालं. ठोंब्याने मान उचलली, भिंतीकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळाने, उठायला जमत नसताना, पुढचे दोन पाय टेकून अर्धा उठला. मागचं अंग येईना. तो तसाच, अर्धा उभा, बायकोच्या आणि भिंतीच्या मध्ये, थरथरत राहिला. भुंकला नाही. तिला मागे ठेवून नुसता बघत राहिला. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी या जातीची शेकडो कुत्री प्रदर्शनात गोल फिरताना पाहिली होती. राखण करताना बहुधा पहिलंच.

"ते म्हणाले होते," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "की डॉक्टर, आईबाप विचारू नका. आई लंगडी होती आणि बाप सर्कशीतून पळालेला. घरात चोर येणार नाही एवढं बघेल. आणि पोरांना सांभाळेल."

"सिंहाचं?" बाईंनी विचारलं.

"सिंहाचं म्हणाले नाहीत."

"अध्यक्ष म्हणून हे सांगताय? मग तुमच्या महासंघाच्या अर्जाचं काय?"

"तो आता कशाला राहतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बिल्ला काढायचा प्रयत्न केला, पण पिन गंजलेली होती आणि दुसऱ्यांच्या तोंडातली दाढ सहज काढणाऱ्या हाताला ती निघेना. पेंटर मदतीला पुढे झाला. "तू लांब राहा," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यामुळेच झालंय सगळं. अर्धं पान कोरं राहिलं असतं तर काय बिघडत होतं रे तुझं?"

"काही नाही," पेंटर म्हणाला. "काहीच नाही डॉक्टर."

बाईंनी लिहिलं. राखणीचं, मिश्र, पूर्वज अज्ञात. हा निर्णय या नावाच्या सगळ्या कुत्र्यांना लागू. शिक्का मारला, कागद पेंटरकडे सरकवला. अक्षरं कशी आहेत ते त्याला दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं.

"सगळ्यांना लागू, म्हणजे माझ्या राणीलाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिलाही. मळ्यावरून आणू शकता."

"पूर्वज अज्ञात."

"हो."

डॉक्टर उठले, कोट खाली ओढून नीट केला. "तिला मी सांगेन," ते म्हणाले. "तुम्ही कोणी सांगू नका."

ते दारापर्यंत गेले आणि थांबले, कारण दार अडलं होतं. ठोंब्या भिंतीचा बंदोबस्त पुरा झाला असं समजून उंबऱ्यावर जाऊन आडवा झाला होता, तिथवर कसा सरपटला कुणास ठाऊक, आणि झोपला होता. बाईंची पुढची सुनावणी बाहेर खोळंबली होती. पेंटरने हाक मारली, बायकोने दोन जुन्या शिव्या घातल्या. पहिल्या शिवीला शेपूट एकदा आपटली, बस.

मग तो उठेपर्यंत तिघंही भिंतीकडेला ओळीने बसली. डॉक्टर मधे, बिल्ल्यासकट. अधूनमधून मागच्या आवारातून, असा कागद न मिळालेल्या त्या कुत्र्याचं, भुंकणं यायचं, आणि ते आलं की तिघंही खाली बघायची.